ओलीस

कौस्तुभच्या युद्धखेळात संगणकाचा किल्लेदार तह करायचा आणि पुढच्याच चालीला मोडायचा. महिनाभर भाईंदरच्या घरात बसून खेळ सुधारणारा कौस्तुभ आता इरेला पेटला होता. आज दुपारी त्याने जुना रिवाजच नियमात घातला: तह हवा तर दोन्ही बाजूंनी ओलीस द्यायचा.

"जेवायला येतोयस ना?" स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोने, समिधाने विचारलं.

"आलोच. आज याला शब्द पाळायला लावतोच!"

पडद्यावर तह आला. शंभरदा तपासून हाताला सवय झालेली. न वाचताच त्याने 'मान्य' दाबलं. किल्लेदाराची फौज पहिल्यांदाच मुकाट्याने मागे फिरली.

मग त्याने अट वाचली. तुमच्याकडून ओलीस: समिधा.

हे नाव त्याने खेळात कुठेच घातलं नव्हतं.

आत कुकरची चौथी शिट्टी झाली. समिधा तिसरीलाच गॅस बंद करायची.

पाचवी झाली.