कूलरमधली साळुंकी

"बटणाला हात नका लावू!" बायको स्वयंपाकघरातूनच ओरडली.

ड्रायव्हरने हात मागे घेतला. रात्रभर बस चालवून तो सकाळी घरी आला होता आणि दुपार झाली तरी त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पत्र्याच्या त्या खोलीत पंखा नव्हता. होता तो मागच्या खिडकीतला कूलर. त्याची बाहेरची जाळी तुटलेली बघून साळुंकीने पात्यामागे संसार थाटला होता. बायकोने त्या बाळंतिणीची अशी बडदास्त ठेवली होती, की घरधन्याला विचारतो कोण!

"अगं, पिल्लं उडाली ना परवा?"

"एक राहिलंय. अशक्त आहे. दोन-तीन दिवस कळ काढा."

"कळ काढून काढून मीच उडून जाईन एक दिवस."

ती हसत दारात आली. तो हसला नाही. पलंगाच्या कडेवर बसून फरशीकडे बघत म्हणाला, "काल स्टिअरिंगवर डोळा लागला माझा."

तिचं हसू जागच्या जागी विरलं.

"क्षणभरच. समोरच्या ट्रकने हॉर्न मारला म्हणून वाचलो. मागे सगळी गाडी गाढ झोपलेली. लहान पोरं होती त्यात. आज परत रात्रपाळी आहे."

"आणि मी मेली त्या पाखरांची काळजी करत बसलेय!" ती तडक खिडकीशी गेली. बटणावर बोट ठेवलं.

तेवढ्यात साळुंकी आली. आत चिवचिव सुरू झाली. चोचीतला नाकतोडा पिल्लाच्या घशात कोंबून ती कूलरच्या कडेवर टेकली. पिसं विस्कटलेली, चोच उघडी, धाप लागलेली. घटकाभर बसली आणि परत रणरणत्या उन्हात निघून गेली.

"राहू दे," ड्रायव्हर म्हणाला. "तिचीही ड्यूटी संपलेली नाही अजून."

"आणि तुमची झोप?"

तो आडवा झाला. तिने चादर बादलीत बुडवून पिळली, त्याच्या अंगावर पसरली. खोक्याचा पुठ्ठा फाडून घेतला, स्टूल ओढलं आणि वारा घालू लागली. चादर वाळली, की पुन्हा भिजवायची.

त्याला जाग आली तेव्हा ऊन कलंडलं होतं. अंगाला गार वारा लागत होता. कूलर लावला की काय, या धसक्याने तो उठून बसला.

कूलर बंदच होता. बायको भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपली होती. पुठ्ठा हलत होता.

त्याने तो अलगद काढून घेतला. तिचा रिकामा हात तसाच हलत राहिला.