चार खिडक्यांचा कॉम्प्युटर

“परत अडकतोय,” काका म्हणाले आणि कॉम्प्युटरची पेटी त्यांनी काउंटरवर जवळजवळ आपटलीच.

दुकानवाल्या ताईंनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. आधी त्यांनी काकांना नवं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं होतं. त्याने फरक पडला नाही म्हणून मेमरी वाढवून दिली. तरी स्वारी पुन्हा दारात हजर.

“काका, गेम एकच आहे ना? मग अडकायचं कारण काय?”

“गेम एकच. पण मी तो एका वेळी चारदा उघडतो. चार खिडक्या, चार खेळाडू. तिसरीपर्यंत लोण्यासारखा चालतो. चौथी उघडली की चौघंही लंगडायला लागतात.”

ताईंच्या कपाळावर आठी पडली. एकटा माणूस चार खाती चालवतो म्हणजे काहीतरी लबाडी असणार. खेळातलं सोनं जमवून विकणारी पोरं त्यांच्याकडे यायची. पण हे गृहस्थ साठीला आलेले, उभा जन्म बस चालवण्यात गेलेला. पहिल्यांदा आले तेव्हा शर्ट चुरगळलेला होता, दाढी वाढलेली होती, आणि विचारल्याशिवाय तोंडातून शब्द निघत नव्हता. आज शर्टाला इस्त्री होती आणि तोंडाचा पट्टा सुरू होता.

“कार्ड बदला म्हणालात, बदललं. मेमरी वाढवा म्हणालात, वाढवली. आता काय, घर बदलू?”

“खिडक्या कमी करा. दोनच चालवा.”

“आणि उरलेल्या दोघांचं काय करू? गाडून टाकू?”

ताईंचाही संयम संपत आला होता. “हे बघा काका, चार खाती कशाला लागतात ते खरं सांगा. नाहीतर दुसरं दुकान बघा.”

काका स्टुलावर बसले. मघाचा जोर ओसरला होता.

“मुलगी आहे मला. जिन्यावरून पडली, मणक्याला मार बसला. तेव्हापासून अंथरुणावर आहे. मी गाडी सोडली. घरात आम्ही दोघंच. कॉलेजच्या चार मित्रमैत्रिणींबरोबर ती रोज संध्याकाळी हा गेम खेळायची. तेवढाच तिचा हसण्याचा वेळ. मग एकाला नोकरी लागली, एकीचं लग्न ठरलं, एक परदेशी गेला, एकीला कंटाळा आला. सोडताना प्रत्येकाने मला फोन केला, तिला कसं सांगायचं म्हणून. मी म्हटलं, सांगूच नका. तुमचं खातं मला द्या.”

“म्हणजे ते चौघं…”

“मीच. स्वयंपाकघराचं दार लावून बसतो. तिला वाटतं, मी कॉम्प्युटरवर पत्ते खेळतोय.” काकांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. “लढाई जमते हो. सगळे आरसे एकदम बघायची सवय आहे. बोलणं जमत नाही. त्यातला एक पोरगा भारी विनोदी होता. त्याच्या नावाने विनोद लिहायचा म्हणजे मला घाम फुटतो. आणि परवा तिने विचारलं, तुम्ही चौघं एकदम कसे अडखळता? एकाच घरात राहता की काय?”

ताईंनी पेटी उघडली, स्क्रीन जोडला आणि चार खिडक्या उघडून आकडे बघत राहिल्या.

“आपण भलतीकडेच शोधत होतो,” शेवटी त्या म्हणाल्या. “मेमरी भरपूर आहे. प्रोसेसर दमतोय. चार ठिकाणी पुरेल एवढा दमच नाही त्याच्यात.”

“म्हणजे डेपो मोठा केला, पण ड्रायव्हर कमी पडले.”

“अगदी तसंच. आणि नवा प्रोसेसर या जुन्या बोर्डावर बसणार नाही.”

“म्हणजे परत सगळं उचकटायचं,” काका करवादले. पण उठले नाहीत. प्रिंटर घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाशी त्यांनी रस्त्यातल्या खड्ड्यांवरून मनसोक्त वाद घातला आणि मगच घरी गेले.

नवा बोर्ड आणि प्रोसेसर आल्यावर जोडणीला ताई स्वतः त्यांच्या घरी गेल्या. संध्याकाळ झाली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी चारही खिडक्या उघडून दिल्या. चार योद्धे न अडखळता पूल ओलांडून गेले. काका श्वास रोखून बघत होते. मग त्यांनी डोळे पुसले आणि विनोदी पोराच्या नावाने काहीतरी टाइप करायला घेतलं.

“तिचंही कनेक्शन जरा बघून घ्या,” ते हळूच म्हणाले. “मला इथून हलता येणार नाही.”

मुलगी उशांना टेकून बसली होती. मांडीवरच्या तिरप्या फळीवर लॅपटॉप होता. गेम कोपऱ्यात, काडेपेटीएवढ्या खिडकीत चालू होता. तिचा योद्धा त्या चौघांमागून आपोआप चालत होता. बाकीच्या स्क्रीनभर कुठल्याशा घराचा नकाशा होता आणि ती त्यात जिना काढत होती.

“दार लोटता, ताई?” ती म्हणाली. कोपऱ्यात विनोद उमटला. तिने न वाचताच हसरा चेहरा पाठवला. “मागे चालत राहायचं बटण असतं यात. मी गेम केव्हाच सोडलाय. हे नकाशांचं काम मिळालंय मला.”

“पण तुझे बाबा तर…”

“मी पडल्यापासून बाबा नुसते भिंतीकडे बघत बसायचे. जेवायचेसुद्धा नाहीत. म्हणून त्या चौघांना मीच म्हटलं, बाबांना फोन करा आणि तुमची खाती त्यांच्या गळ्यात मारा.” तिने दाराकडे पाहिलं. “कॉम्प्युटर आता नीट चालेल?”

“वर्षानुवर्षं बघायला नको,” ताई अभिमानाने म्हणाल्या.

मुलीचा चेहरा उतरला.

“दूध, भाजी, औषधं, सगळं दारात येतं. तुमच्या दुकानाशिवाय बाबा कुठेच जात नाहीत,” ती म्हणाली. “ताई, जाण्याआधी त्यात काहीतरी बिघडवून ठेवाल का?”