बारा किलोची गोधडी

"बारा किलो वाळू! वैजू, पोरीला निजवत होतीस का पुरत होतीस?" सुगंधामावशी गोधडीचे कप्पे उसवत म्हणाली. विशेष मुलांसाठी वजनाच्या गोधड्या शिवण्यात तिची हयात गेली होती.

"चंद्रावर ती दोन किलोसारखीच लागायची, मावशी. तेवढा दाब नसला की रेणू डोकं आपटून घ्यायची."

सहा वर्षांची रेणू चंद्रावरच जन्मली होती. तिथली खाण कायमची बंद झाली म्हणून आजच सगळे परतले होते. आणि आल्या आल्या रेणू फरशीवर उताणी पडली, ती जन्मात पहिल्यांदा गोधडीशिवाय शांत झाली.

"आई, इथं सगळीकडे गोधडी आहे," ती म्हणाली.

"घ्या! माझा धंदाच बसला," मावशी हसली.

डॉक्टर हसले नाहीत. चंद्रावर वाढलेल्या हृदयाला इथला भार झेपत नव्हता. पाण्यात तरंगत ठेवा, बाहेर काढलंत तर आठ दिवससुद्धा जगणार नाही, असं ते म्हणाले.

रेणूला अंगणातल्या टाकीत ठेवलं. पाण्यात अंगावर भारच नाही, म्हणून ती सारखी किंचाळायची, काठावर डोकं आपटायची. मावशीनं हलकी केलेली गोधडी तिच्यावर टाकून पाहिली, तर पोर गोधडीसकट बुडायला लागली.

चौथ्या दिवशी रेणूचा आवाज गेला, तरी तोंड किंचाळतच होतं. वैजूनं तिला बाहेर काढलं, अंग पुसलं आणि फरशीवर निजवलं.

"डॉक्टरांना काय सांगू गं?" मावशीनं विचारलं.

"सांग, झोपली म्हणून."