न भाजलेला राब

लहानी राबावर जाऊन बसली, ती उठेना.

राब तिचाच होता. ती लेकीकडे मुरबाडला गेली होती, तेवढ्यात पुतण्या धर्मानं तो रचून ठेवला. भाताचं रोप वाढवायच्या जमिनीच्या तुकड्यावर शेण, त्यावर फांद्या आणि पाला, वर माती. आता आग लावायची आणि पावसाच्या तोंडावर राखेत भात पेरायचं. म्हातारीसाठी झाडावर चढणारं कुणी नाही, म्हणून त्यानं न सांगता काम केलं होतं. पेटती चूड हातात धरून तो उभा होता.

"उठ गो काकी. वारा फिरला तर वणवा लागंल."

"नाय भाजायचा राब. यंदापास्नं नाय."

"किन्हवलीच्या शेतीच्या शिबिराला जाऊन आलीस तवाच मी समजलो! अगो, भाजलं नाय तर भातापेक्षा तण जास्त."

"येऊ दे. रोज बसून तण बेणीन. शेणखत घालून उंच वाफा करीन, त्यात पेरीन."

"आणि रोप नाय झालं तर? आवणीला शेतात काय लावशील, तुझं पांढरं क्यास?"

बांधावरच्या बाया हसल्या. लहानीही हसली, पण हलली नाही. तिचं एकच शेत होतं. रोप बिघडलं तर वर्षभर दुसऱ्याच्या दारचं भात. हे तिला धर्मापेक्षा जास्त ठाऊक होतं. चाळीस वर्षं तिनंच राब भाजला होता. लग्न होऊन आली तेव्हा घरामागच्या ऐनाच्या फांद्या पुरायच्या. मग टेकडीवर जावं लागलं. मग पलीकडच्या टेकडीवर. दरसाल तोडून तोडून तिथली झाडं आता नुसती खुंटासारखी उभी होती.

"एवढ्याशा पाल्यानं रान काय संपतंय?" धर्मा चिडला.

लहानीनं मांडीखालच्या मातीतून एक डहाळी ओढली आणि त्याच्यापुढं धरली. पानं अजून पुरती वाळली नव्हती. हिरड्याची होती.

हिरडा आता एकाच ठिकाणी उरला होता, गावदेवीच्या रानात. तिथली पडलेली काटकीसुद्धा आजवर कुणी घरी आणली नव्हती.

धर्मानं चूड मातीत खुपसली. मान वर न करता म्हणाला, "काय करू काकी? दुसरीकडं पाला उरलाय कुठं?"

"म्हणून तर बसलेय," लहानी म्हणाली.