नोंद चालू आहे

चार नंबरच्या बेडचा कॉम्प्युटर बंदच होईना, म्हणून वॉर्डातल्या नव्या टेक्निशियनने तो प्रोग्राम लिहिणाऱ्या मॅडमना फोन लावला. दोन मिनिटांत त्या समोर हजर.

"एवढ्या लवकर?"

"खालीच होते. कागदांवर सह्या करत होते."

"शट डाउन म्हटलं की बाकीचे प्रोग्राम गुपचूप निघतात, तुमचा तेवढा ठाण मांडून बसतो. पुढचा पेशंट दारात स्ट्रेचरवर आहे हो!"

"मीच तसा लिहिलाय. हृदयाच्या ठोक्यांची नोंद चालू असताना कुणी चुकून कॉम्प्युटर बंद करू नये, म्हणून बंद व्हायचा निरोप आला की हा 'नाही' म्हणतो. बेड रिकामा झालाय, हे माणसानेच सांगावं लागतं."

त्यांनी माऊस हातात घेतला. स्क्रीनवर प्रश्न आला: पेशंट आता बेडवर नाही, याची खात्री आहे?

टेक्निशियनने वाकून स्क्रीनवरचं पेशंटचं नाव वाचलं. "अरे, आडनाव तुमचंच की! नात्यातले का कुणी?"



"वडील. पहाटे गेले," त्या म्हणाल्या आणि त्यांनी 'हो'वर क्लिक केलं.