गुंतवणूकदाराची बायको

"धंदा आमच्याच देशात का करायचाय?" तिने साहेबासारखा आवाज काढून विचारलं.

नवऱ्याने कपाळ चोळलं. "तिकडे... सोफ्यांना मागणी आहे."

"मागणी आहे, एवढ्यावर थांबू नका. तिथली माणसं कामाला ठेवणार, तेही सांगा. मागच्या वेळी तिथंच अडकलात."

तो उठला आणि त्याने रेडिओ मोठा केला. त्या दिवसाची तालीम तिथंच संपली.

गुंतवणूकदाराचा व्हिसा दोनदा नाकारला गेला होता. सोफे शिवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण खिडकीपलीकडचा साहेब दिसला की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. या खेपेला भांडवल तोकडं पडू नये म्हणून तिने आईने मागे ठेवलेली खोली विकली. शिलाईयंत्रंही विकली, पोटापुरतं एक राखलं. त्याच्यावर वाकून ती स्वतःशीच गुणगुणायची,

सुईच्या गं नाकातून दोरा जाईना जाईना
किती ओलावू मी टोक, वाट होईना होईना

"नवऱ्यासाठी एवढं झिजणारी बायको नाही पाहिली बाई," शेजारच्या काकू म्हणायच्या. "आमचे हे परदेशी निघाले असते, तर मी डबा भरून दिला असता फक्त. पण तोही तुझ्यावाचून राहत नाही हं. भावाकडे गेलीस की दुसऱ्या दिवशी दारात हजर. आणि गाण्यांचा केवढा नाद! भिंतीतून आमच्या घरात गातो तुमचा रेडिओ."

ती कसंनुसं हसायची. उकाड्यातही मनगटापर्यंत आलेल्या बाह्या आणखी खाली ओढायची.

"या वेळी नाही झालं ना काकू, तर मी काही जगत नाही."

"शुभ बोल गं."

एजंटने विचारलं, "वहिनी, सोबत तुमचाही अर्ज जोडायचा ना?"

"आधी यांचं मार्गी लागू दे. माझं मागाहून."

मुलाखतीच्या दिवशी ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. माणसं पडल्या चेहऱ्याने बाहेर येत होती. तोही तसाच आला. ती बाकावरून उठली.

"झालं," तो म्हणाला. "दिला."

ती ओंजळीत तोंड लपवून हमसून हमसून रडली. पहारेकऱ्याने न मागता पाणी आणून दिलं.

विमानतळावर त्याने तिचं मनगट घट्ट धरलं. "सहा महिन्यांत बोलावतो तुला. तोवर नीट राहायचं. दुकान उभं राहीपर्यंत मला तिथून हलता येणार नाही."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "नियम मीच वाचलेत."

विमान ढगात दिसेनासं झालं तरी ती काचेपासून हलली नाही.

घरी पोचली तर काकू दारातच. "ओकंबोकं घर खायला उठेल गं पोरी. तुझा व्हिसा कधी यायचा?"

तिने आत जाऊन रेडिओ उचलला आणि काकूंच्या हातात दिला. मग बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, एक, मग दुसरी. जुने पिवळे, नवे काळेनिळे वळ बघत काकू रेडिओ छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"माझा आजच आला, काकू."