बाहीचा कागद

दुसऱ्या आठवड्यातही ती चुकीच्या इमारतीत जाऊन बसली. वीस मिनिटं पानांच्या पेशींबद्दल ऐकल्यावर तिला शंका आली की हे काही संख्याशास्त्र नव्हे. ती उठली, शेजारच्याला "चालू द्या तुमचं" म्हणाली आणि ताठ मानेने बाहेर पडली.

रस्ता चुकणं घराण्यातच असावं. प्रवेशाच्या दिवशी बाबा पाणी प्यायला म्हणून गेले ते तासाभराने उगवले होते. "केवढं हे विद्यापीठ, भलत्याच खिडकीपाशी पोचलो," म्हणाले आणि कपाळावरचा घाम पुसत हसले.

तिचा तोरा मात्र जागेवर होता. शाळेत ती कायम पहिली यायची. इथे आल्यावर कळलं की प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या शाळेत पहिलाच आलेला आहे. तरी ती डगमगली नाही. महिन्याभरात तिला सगळं तोंडपाठ झालं: कुठल्या जिन्याने गर्दी टळते, ग्रंथालयात खिडकीजवळची खुर्ची कितीला धरावी लागते, कॅन्टीनच्या चहाला नावं ठेवत का होईना पण तो का प्यावा लागतो.

घाम फोडला तो एकट्या संख्याशास्त्राने. पहिल्याच तासाला सरांनी सांगून टाकलं होतं, "या सभागृहात तुम्ही सहाशे जण आहात. घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षा देणारे आणखी दोनशे. पेपर सगळ्यांना एकच. दरवर्षी निम्मे आपटतात. जे आपटतात त्यांना दुसऱ्या वर्षाचं दार बंद." एवढं बोलून ते शांतपणे फळ्याकडे वळले.

पहिल्या चाचणीत तिला पन्नासपैकी अकरा मिळाले. खोलीतल्या मैत्रिणीने, जिला सगळे रेडिओ म्हणत, ही बातमी पूर्ण वसतिगृहात पोचवली. संध्याकाळी तिने स्वतःच घरी फोन लावला आणि बाबांना खरं ते सांगून टाकलं.

बाबा शिंपी होते. फोन कापडांच्या ढिगावर ठेवून ते मशीन चालवत बोलत.

"असं कर," ते म्हणाले, "रोज सहाला फोन करायचा. दिवसभरात जे शिकलीस ते मला शिकवायचं. मला कळलं म्हणजे तुला कळलं."

"बाबा, तुम्ही शाळा संपवून मशीनवर बसलात त्याला सत्तावीस वर्षं झाली."

"म्हणून तर. माझ्या डोक्यात काही घालायचं म्हणजे कस लागेल तुझा."

तेव्हापासून रोज सहाला तिकडून आवाज येई, "हं मॅडम, आज काय शिकवणार?" अवघड भाग आला की मशीन थांबे. "सावकाश. पुन्हा सांग." कधी कधी ते इतके खोदून विचारत की तिला दुसऱ्या दिवशी सरांना गाठावं लागे. आपल्यासाठी बाबा काम टाकून ऐकतात, या विचाराने तिचा ऊर भरून येई.

एकदा तीच अडली. घंटेच्या आकाराचा तो वक्र तिला सांगताच येईना.

"अगं, हे तर शर्टाच्या मापांसारखं झालं," बाबा म्हणाले. "अडतीस-चाळीसची गिऱ्हाइकं ढिगाने. बत्तीसचा एखादाच काटकुळा, अठ्ठेचाळीसचा एखादाच ढेरपोट्या. मधे उंच, दोन्हीकडे उतरतं. बरोबर?"

तीन आठवडे डोक्यावरून गेलेलं त्या वाक्यासरशी डोक्यात उतरलं होतं. दुसऱ्या चाचणीत तिला एकतीस मिळाले.

सुट्टीत ती घरी गेली तेव्हा दुकानातल्या कापायच्या टेबलावर एक खाकी कागद पसरला होता. त्यावर पेन्सिलने काढलेली गोलाई होती, मधोमध एक उभी रेघ आणि दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर आणखी रेघा.

"कुणाची बाही?"

"आहे एका गिऱ्हाइकाची. बसत नाहीये नीट."

"बसेल हो. तुमची बाही कधी बसली नाही असं झालंय का?"

बाबांनी कागदाची घडी घातली आणि खणात सारली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तेच म्हणाले, "आता तीन दिवस फोन नको. दुकान बंद ठेवतोय. बाहेरगावी जायचंय, शाळांच्या युनिफॉर्मची मापं घ्यायला."

"शाळांना सुट्ट्या लागल्यात. मुलं कुठून आणणार तुम्ही?"

"तू तुझा पेपर बघ," बाबा म्हणाले. तेवढ्यात रेडिओने मेस बंद होतेय म्हणून हाक दिली आणि ती पळाली.

निकाल लागला त्या दिवशी सूचना फलकापुढे ही झुंबड. कोपरं मारत ती पुढे घुसली. नाव सापडलं. बासष्ट. दुसऱ्या वर्षाचं दार उघडलं होतं. तिने तिथूनच फोन लावला.

"बाबा, पास! बासष्ट!"

मशीनचा आवाज नव्हता.

"शाबास, मॅडम," बाबा म्हणाले. "यादी शेवटपर्यंत वाचलीस?"

"माझं नाव मिळालं की. शेवटपर्यंत कशाला?"

"अर्धवट वाचायची खोड काही जात नाही तुझी. शेवटचं पान बघ." त्यांनी फोन ठेवला.

मागोमाग घुसलेल्या रेडिओने फलकावर टाचलेली पानं उलटली. शेवटचं पान बाहेरून परीक्षा दिलेल्यांचं होतं.

"अय्या, इथेही तुझंच आडनाव," रेडिओ ओरडली. "आणि सहासष्ट! तुझ्यापेक्षा चार जास्त. कोण गं हे?"

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. ओळीतलं पहिलं नाव अक्षरं गिरवायला लागल्यापासून ती प्रत्येक वहीवर लिहीत आली होती, स्वतःचं नाव आणि आडनाव यांच्या मधोमध.